इंटरनेटचे पत्ते चोरीला कसे जातात?

शनिशिंगणापूरच्या घरांना परंपरेने दारे नसतात. पण कोणते घर कोणाचे, हे साऱ्या गावाला ठाऊक असते. श्रद्धेइतकीच ही ओळखही तिथली राखण म्हणता येईल. इंटरनेटची मूळ रचनाही अशाच ओळखीवर उभी आहे.

इंटरनेटवरील पत्ते म्हणजे अंक. ३२ बिटांच्या जुन्या पद्धतीत असे सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. ते गठ्ठ्यांनी दिले जातात. एका गठ्ठ्यात कधी २५६, तर कधी ६५,५३६. कोणता गठ्ठा कोणाचा, ही नोंद आशिया-पॅसिफिकसाठी ‘एपनिक’ ठेवते. भारतात २०१२ पासून ‘आयआरआयएनएन’ हे काम करते.

माहितीला वाट दाखवणारे राउटर मात्र ही वही स्वतःहून तपासत नाहीत. “हे पत्ते माझ्याकडे,” असे एक जाळे शेजाऱ्याला सांगते, शेजारी पुढे सांगतो. समजा, घोडेगावच्या फाट्यावर कोणी खोटी पाटी लावली, तर शिंगणापूरचा प्रवासी भलतीकडेच जाईल. १६ एप्रिल २०२१ रोजी व्होडाफोन आयडियाच्या जाळ्याने दुसऱ्यांच्या ३०,००० हून अधिक गठ्ठ्यांचे मार्ग चुकीने आपल्याकडचे म्हणून जाहीर केले होते.

चोर हेच मुद्दाम करतो. त्यासाठी तो जुन्या नोंदी शोधतो. सातबाऱ्यावर आजोबांचेच नाव राहिले, वारसनोंद झाली नाही, की जमीन बळकावणाऱ्याचे फावते, तसेच इथे. नोंदीतला माणूस नोकरी सोडून गेलेला असतो, ईमेलच्या डोमेन-नावाची मुदत संपलेली असते. ते नाव चोर थोड्या पैशांत घेतो आणि त्या ईमेलवरून स्वतःला मालक म्हणवतो. मग त्या पत्त्यांवरून फसव्या ईमेल सुटतात. खरा मालक जागा होतो, तेव्हा त्याचे पत्ते काळ्या यादीत गेलेले असतात आणि त्याची साधी पत्रेही नाकारली जातात.

मागोवा कसा घेतात? ओरेगॉन विद्यापीठाचा ‘रूटव्ह्यूज’ प्रकल्प मार्गांच्या घोषणा साठवून ठेवतो. वर्षानुवर्षे मुका असलेला गठ्ठा अचानक परमुलखातून बोलू लागला, की संशय घ्यावा. पण मालकाला कळवायचे कसे? नोंदीतला फोन बंद असतो! आता गठ्ठ्याचा मार्ग कोणी जाहीर करावा, हे अंकीय सहीने नोंदवता येते. पण त्यासाठीही मालकाची ओळख आधी नोंदवहीत बरोबर हवी.

वर्गात एक करून पाहू. आपल्या शाळेच्या संकेतस्थळाचे नाव कोणाच्या ईमेलवर नोंदले आहे, ते विद्यार्थ्यांसह शोधू. ते शिक्षक निवृत्त झाले असतील, तर नोंद आजच बदलून घेऊ.