पडद्यावरचं भय, भाग ६ : विद्या देणारा बाबा

मागच्या भागात तात्या विंचू बाहुल्यात कसा शिरला ते पाहिलं. आज त्याला ती विद्या देणाऱ्याकडे वळू. १९९३च्या ‘झपाटलेला’मध्ये बाबा चमत्कार पडद्यावर फार वेळ नसतो. तरी राघवेंद्र कडकोळ यांनी रंगवलेला हा बाबा लोकांच्या जिभेवर बसला आहे. त्याचं ‘फट् स्वाहा’ ज्यांनी सिनेमा पुरता पाहिलेलाही नाही, त्यांना पाठ असतं. सिनेमातली भीती मराठी झाली ती मुख्यतः याच माणसामुळे, असं मला वाटतं.

मूळ सांगाडा अमेरिकी आहे. १९८८च्या ‘चाइल्ड्स प्ले’मध्ये शिकागोचा खुनी चार्ल्स ली रे पोलिसाची गोळी लागल्यावर खेळण्यांच्या दुकानातल्या बाहुल्यात आपला जीव घालतो. त्याला वूडूचे मंत्र शिकवणारा जॉन बिशप तिथेही आहे. शिष्यच पुढे त्याचा जीव घेतो आणि प्रेक्षक त्याला विसरून जातो. ‘झपाटलेला’चे दिग्दर्शक महेश कोठारे यांनी ती जागा घेतली आणि तिथे असा माणूस बसवला, की ज्याची जातकुळी आपण आजीच्या गोष्टींतून आधीच ओळखतो. तात्या त्याच्याकडून मृत्युंजय मंत्र मिळवतो, पण विद्येला अट आहे : आपण कोण हे ज्याला पहिल्यांदा सांगितलं, त्याच्याच देहात शिरता येईल. तो माणूस निघतो सिनेमाचा नायक लक्ष्या. मरणाची जागाही ठरलेली, दोन भुवयांच्या मधोमध. हिरण्यकशिपू आठवा, भस्मासुर आठवा. मागितलेला वर आणि त्यातच ठेवलेली पळवाट! ‘हॅलोवीन’चा मायकेल मायर्स किंवा ‘फ्रायडे द थर्टीन्थ’चा जेसन मारला तरी पुन्हा उठतो, तो कसा उठला, याची फारशी चौकशी होत नाही. आपला प्रेक्षक चौकशी करतो. त्याला उत्तर द्यायला बाबा आहे.

बाबाचा मंत्र पडद्यावर नेमकं काय काम करतो, हे कळायला आता खऱ्या मुंबईकडे, वडाळ्याकडे येऊ. तात्या भूत होण्याआधी गुंड आहे, इन्स्पेक्टर महेश जाधवच्या गोळीने पडणारा. मुंबईकराला हे दृश्य परकं नव्हतं. ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्याच्या आंबेडकर कॉलेजजवळ मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनी पडला. शहरातलं पहिलं एन्काउंटर म्हणून ते सांगितलं जातं. मन्या दादरच्या कीर्ती कॉलेजात शिकलेला, इथल्याच वस्तीतला. कोठाऱ्यांनी ते डोक्यात ठेवून सिनेमा केला, असं मी म्हणत नाही. पण वडाळा-परळचा प्रेक्षक गोळी खाल्लेला गुंड बघायला थिएटरात शिरला, तेव्हा त्याच्या कानावर ही हकिगत केव्हाच आलेली होती. वर्तमानपत्रातला गुंड गोळीने संपतो. पडद्यावरचा संपत नाही, कारण गोळी आणि मरण यांच्यामध्ये बाबाचा मंत्र येतो. इतकं मोठं काम इतक्या लहान भूमिकेवर टाकलेलं मराठी सिनेमात क्वचितच दिसतं.

पुढे २०१३च्या मे महिन्यात मन्यावरचा ‘शूटआउट अ‍ॅट वडाळा’ आला आणि जूनमध्ये ‘झपाटलेला २’, थ्रीडीत. लक्ष्या रंगवणारे लक्ष्मीकांत बेर्डे २००४च्या डिसेंबरातच गेले होते, म्हणून कथा लक्ष्याच्या मुलाकडे, आदिनाथ कोठारेकडे आली. तात्या मात्र तोच राहिला.

पुढच्या भागात रामदास पाध्ये आणि त्यांनी घडवलेला तो बाहुला : दिलीप प्रभावळकरांचा आवाज त्याच्या तोंडी कसा बसला, ते पाहू.