देवळालीच्या छावणीतलं हसू

आपण नाशिककरांसाठी देवळाली म्हणजे मोकळी हवा आणि तोफखाना. इंग्रजीत मात्र या गावाच्या नावाचा अर्थ झाला 'डोकं फिरणं'. कसा, ते बघूया.

भारतातली मुदत संपलेल्या ब्रिटिश शिपायांना देवळालीच्या छावणीत जहाजाची वाट बघत ठेवत. जहाजं हिवाळ्याच्या हंगामात सुटत. हंगाम चुकला की मुक्काम महिनोन् महिने लांबे. हाताला काम नाही, डोक्यावर ऊन. त्यातून 'डूलाली टॅप' हा शब्दप्रयोग निघाला. त्यातला 'टॅप' म्हणजे आपला तापच!

दुसऱ्या महायुद्धात शिपाई वाट बघत होते ती आघाडीची, नाहीतर घराची. त्यांचं मन सावरायला सैन्यातच 'कॉन्सर्ट पार्ट्या' निघाल्या. गाणी, नकला, प्रहसनं शिपाईच करत. स्त्रियांची कामंही पुरुषांकडेच. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला त्यात नवल वाटू नये. आपल्याकडे मात्र स्त्रीभूमिकेत सौंदर्य शोधलं जाई, इथे बहुधा हशा.

जिमी पेरी हा तोफखान्यातला शिपाई देवळालीच्या अशाच पथकात होता. पुढे त्याने डेव्हिड क्रॉफ्टबरोबर 'इट एन्ट हाफ हॉट, मम' ही मालिका लिहिली. बीबीसीवर ती १९७४ ते १९८१ अशी चालली. सुरुवातीचं कथानक देवळालीत घडतं, चित्रीकरण मात्र इंग्लंडमधलं.

आता थोडा विचार करू. भरताने नाट्यशास्त्रात हास्याचे दोन प्रकार सांगितले : स्वतः हसतो तो आत्मस्थ, दुसऱ्याला हसवतो तो परस्थ. या पथकातल्या शिपायाकडे दोन्ही होते. समोर बसलेल्यांची भीती त्याचीही होती. म्हणून ते हसू उपरं वाटत नसे. ते एकमेकांना दिलेला आधार होतं.

पण त्याच छावणीत चहावाला होता, पंखा ओढणारा होता. मालिकेतही ते आहेत, पण त्यांच्यातला प्रमुख रंगी राम हा मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने चेहरा रंगवून साकारला. बेट्स झाशीत जन्मलेला, हिंदुस्थानी जाणणारा. तरीही प्रश्न उरतोच. शिपाई स्वतःवर हसत होता, तो त्याचा हक्क. चहावाल्यावर हसताना मात्र त्याच्या वतीने दुसराच कोणी बोलत होता.

आपल्या मते विनोदाची कसोटी एवढीच : ज्याच्यावर हसतो, त्यालाही मंचावर आपल्या तोंडाने बोलायला जागा आहे का? देवळालीच्या मंचावर ती शिपायाला मिळाली. आपण ती कुणाकुणाला देतो, हे प्रत्येकाने आपापलं तपासावं.