पाव सेकंदाचा हिशेब

गोव्यात शिवोलीहून पूल ओलांडून चोपड्याला उतरले की रस्ता मोरजी, मांद्रे, हरमलच्या दिशेने जातो. पर्यटनाच्या मोसमात या किनारपट्टीवर रात्री हिरवे-निळे झोत आभाळात फिरताना दिसतात. आता लग्नाच्या मंडपात आणि दिवाळीआधी नरकासुराच्या रात्री निघणाऱ्या मिरवणुकीतही ते येऊन पोचले आहेत. यंत्र भाड्याने ठरवताना रंग विचारतात, वॅट विचारतात. यंत्राचा वर्ग कोणता, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही आणि डोळ्यांच्या दृष्टीने कामाचे तेवढेच असते.

आयईसी 60825-1 या आंतरराष्ट्रीय मानकात लेसरचे वर्ग ठरवले आहेत. वर्ग 1 निर्धोक. वर्ग 2 म्हणजे डोळ्यांना दिसणारा, जास्तीत जास्त 1 मिलिवॅटचा झोत. हा आकडा कुठून आला ते पाहण्यासारखे आहे. डोळ्यांवर लख्ख प्रकाश पडला की पापणी आपोआप मिटते आणि त्याला फार तर पाव सेकंद लागतो, असे धरले आहे. अंधारात बाहुली 7 मिलिमीटरपर्यंत फाकते. एवढ्या बाहुलीतून पाव सेकंदात किती प्रकाश गेला तर दृष्टिपटल भाजणार नाही, याचे गणित मांडले की उत्तर जवळजवळ बरोबर 1 मिलिवॅट येते. म्हणजे वर्ग 2 ची सारी सुरक्षितता आपल्या पापणीच्या भरवशावर आहे! दारू प्यालेला माणूस किंवा पैजेवर टक लावून बघणारे पोर मानकाने हिशेबात धरलेले नाही.

एक मिलिवॅट म्हणजे किरकोळ वाटेल. पण सूर्याकडे पाहिले तर त्याची प्रतिमा दृष्टिपटलावर सुमारे 0.16 मिलिमीटर रुंद पडते; लेसरचे किरण मात्र जवळपास समांतर असल्याने डोळ्यातले भिंग ते 0.02 मिलिमीटरच्या ठिपक्यात गोळा करते. क्षेत्रफळ चौसष्टपट लहान. दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत, त्यामुळे भाजले तरी दुखत नाही. दुसऱ्या दिवशी पेपर वाचताना नेमके ज्या अक्षराकडे बघावे तेच गायब होते, कडेची दिसतात. तेव्हा कुठे माणूस डॉक्टरकडे जातो. पेशी मेल्या असतील तर त्या परत उगवत नाहीत.

एलईडीचे तसे नाही. तिचा प्रकाश सगळीकडे पसरतो, डोळ्यात ठिपका न पडता दिव्याच्या आकाराची प्रतिमा पडते. पूर्वी एलईडीही लेसरच्याच मानकात कोंबली होती. पुढे तिला बाहेर काढून दिव्यांच्या आयईसी 62471 मध्ये घातले, ते योग्यच झाले. भारतात त्याचे रूप आयएस 16108. पांढऱ्या एलईडीच्या पोटात निळी चिप असते, म्हणून तिथे मुख्य तपासणी निळ्या प्रकाशाची. 10,000 सेकंद पाहूनही मर्यादा ओलांडत नसेल तर दिवा मुक्त गटात, 100 सेकंदांपर्यंत गट 1, पाव सेकंदापर्यंत गट 2. इथेही शेवटी पापणीच! घरातल्या बल्बची काळजी करण्याचे कारण नाही.

मिरवणुकीतल्या यंत्रांची गोष्ट वेगळी. 500 मिलिवॅटच्या वर वर्ग 4 सुरू होतो. समजा झोत 5 वॅटचा आहे आणि दर मीटरला एक मिलिमीटर रुंदावतो. तो एका जागी थांबला तर पाव सेकंदाची मर्यादा पाळायला प्रेक्षकाला 500 मीटर लांब उभे राहावे लागेल. फिरते आरसे झोत सतत हलवतात म्हणून एरवी निभावते, पण आरसा अडकला की झोत एकाच जागी रोखला जातो. म्हणूनच झोत प्रेक्षकांच्या जमिनीपासून किमान 3 मीटर उंच ठेवायचा दंडक आहे. ट्रॅक्टरवर बसवलेले यंत्र चढावर कलते, गच्चीत माणसे उभी असतात, तिथे तो कसा पाळणार? 2023 च्या गणेश विसर्जनानंतर नाशिकच्या नेत्रतज्ज्ञांकडे दृष्टिपटल भाजलेले तरुण आले. 2024 मध्ये पुणे पोलिसांनी मिरवणुकीतल्या लेसर झोतांना बंदी घातली.

हातातल्या पॉइंटरवरच्या चिठ्ठीवरही विसंबू नये. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने 2013 मध्ये 122 पॉइंटर तपासले, तेव्हा हिरव्यांपैकी जवळजवळ 90 टक्के आणि लाल पॉइंटरांपैकी 44 टक्के नियमात बसले नाहीत. स्वस्त हिरव्या पॉइंटरमध्ये मूळ किरण अवरक्त असतात. ते अडवणारी गाळणी बसवली नसेल तर हिरव्यासोबत तेही बाहेर पडतात. ते दिसत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी पापणीही मिटत नाही.

चोपडे ते हरमल ही गावे ज्यात येतात त्या पेडणे तालुक्याला आणखी एक हिशेब मांडावा लागतो. मोपाच्या विमानतळावरून जानेवारी 2023 पासून विमाने उडू लागली. चोपड्यापासून तो सरळ रेषेत पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे. तोच 5 वॅटचा झोत 15 किलोमीटरवर 15 मीटर रुंद होतो. हवेत वाटेत जे विरेल ते सोडले, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 2.8 मायक्रोवॅट. दृष्टिपटलाला त्याने काही होणार नाही. पण विमानतळाभोवतीच्या लेसरमुक्त पट्ट्यासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा तेवढ्याच क्षेत्रफळाला 0.05 मायक्रोवॅट आहे, आणि उतरणाऱ्या वैमानिकाच्या काचेवर तो पडला तर अख्खी काच हिरवी होते.