सहा खात्यांचा एक माणूस

एक उदाहरण गृहीत धरू. तालुक्यापासून अठरा किलोमीटरवरचं गाव. माणूस ६८ वर्षांचा, दोन एकर कोरडवाहूचा मालक. आठ महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. बायको ६३ वर्षांची, गुडघ्यांनी हैराण. मुलगा चाकणला कंत्राटी कामावर. कुटुंब काल्पनिक आहे, पण त्याला ज्या खिडक्यांसमोर उभं राहावं लागेल त्या सगळ्या खऱ्या आहेत.

पहिली खिडकी सिव्हिल हॉस्पिटलची. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळाल्याशिवाय दिव्यांग म्हणून पुढचं काहीच सुरू होत नाही. अर्ज ऑनलाइन भरायचा, म्हणजे सेतूवाल्याकडून भरून घ्यायचा. तपासणी मात्र प्रत्यक्ष, बोर्ड बसेल त्या दिवशी. ज्याला उठता येत नाही म्हणून प्रमाणपत्र हवं, त्यानं ते घ्यायला जीप भाड्यानं करून यायचं. दिव्यांग हक्क कायदा २०१६चा. १९९५च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, या कायद्यानं ते एकवीस केले. बहुतेक लाभांसाठी मात्र ४० टक्क्यांची अट कायम आहे.

दुसरी खिडकी तहसील कचेरीची. वय ६५च्या वर म्हणून आपला माणूस श्रावणबाळ योजनेत बसतो; झटका पाच वर्षं आधी आला असता तर संजय गांधी निराधार योजनेत बसला असता. दोन्ही योजना सामाजिक न्याय विभागाच्या, अंमलबजावणी महसूल खात्याकडे. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधारशी जोडलेलं बँक खातं आणि नंतर दरवर्षी हयातीचा दाखला. श्रावणबाळसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. इतक्या पैशांत घर कसं चालतं हे दाखला देणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि घेणाऱ्यालाही. दोघंही गप्प बसतात आणि कागद पुढे सरकतो. अनुदान २०२३ पासून १,५०० रुपये झालं. २०२५ मध्ये या दोन योजनांतल्या दिव्यांग लाभार्थ्यांना २,५०० रुपये देण्याचा निर्णय झाला. म्हणजे सिव्हिलमधल्या एका कागदामुळे तहसिलातली रक्कम महिन्याला हजार रुपयांनी वाढते. पण हे सिव्हिल तहसिलाला कळवणार नाही. ज्याचा कागद आहे त्यानंच तो उचलून न्यायचा.

मग ग्रामपंचायत: स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करणं तिला बंधनकारक आहे. हे ग्रामविकास खातं. व्हीलचेअर हवी तर केंद्राची एडिप योजना किंवा २०१७ची राष्ट्रीय वयोश्री योजना. साहित्य येतं कानपूरच्या अलिम्को या सरकारी कारखान्यातून, वाटप होतं शिबिरात, आणि शिबिर होईल तेव्हा. दिव्यांगांचं बाकीचं सगळं २०२२च्या डिसेंबरपासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाकडे. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत, ६५ ते ७५ वयाला निम्मं तिकीट, पंचाहत्तरीनंतर प्रवास मोफत. फक्त गाडीची पायरी चढता आली पाहिजे. मुलानं बघायचंच सोडलं तर २००७चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. त्याचं न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्यांकडे, आणि पोटगीची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये.

आरोग्य, महसूल, सामाजिक न्याय, दिव्यांग कल्याण, ग्रामविकास, परिवहन. माणूस एक, खाती सहा. यातल्या एकाही कचेरीत त्याची पूर्ण फाइल नाही, आणि बाकीच्या पाच ठिकाणी त्याचं काय झालं हे बघणं एकाही अधिकाऱ्याच्या कामात मोडत नाही. महाराष्ट्रात योजना कमी आहेत असं म्हणणाऱ्यांशी म्हणूनच माझं जमत नाही. योजना पुष्कळ आहेत. त्या एका घरापर्यंत एकत्र नेणारं पगारी माणूस नाही.

बिनपगारी मात्र आहे. घरात सून किंवा बायको हे काम करते. औषधाची वेळ, बँकेची रांग, आधारचा अंगठा सगळं तिच्या डोक्यात. घराबाहेर एजंट करतो, कागदामागे पैसे घेऊन. आणि पक्षाचा कार्यकर्ता करतो, मतावर डोळा ठेवून. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण कोणती खिडकी कोणत्या वारी उघडते, कोणता कागद आधी लागतो, कोणता साहेब रजेवर आहे, हे पूर्ण ज्ञान तालुक्यात त्यांच्याशिवाय कोणापाशी असतं? सरकारनंही २०२३ मध्ये ‘शासन आपल्या दारी’ म्हणून सगळी खाती एका मांडवाखाली बसवून पाहिली. त्या दिवशी कागद झपाट्यानं हलले. दुसऱ्या दिवशी मांडव उतरला आणि खाती आपापल्या इमारतींत परत गेली.

आणखी एक गफलत मुळातच आहे. वृद्ध वेगळे आणि दिव्यांग वेगळे, असं धरून आपण खाती पाडली. २०११च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढचे १०.३८ कोटी आणि दिव्यांग २.६८ कोटी, महाराष्ट्रात दिव्यांग २९ लाखांवर. पण देशातल्या दिव्यांगांपैकी साधारण दर पाचातला एक साठीपुढचा आहे. आपला अर्धांगाचा माणूस नेमका या दोन याद्यांच्या सांध्यावर पडतो. स्वतंत्र दिव्यांग विभागाचं मी स्वागतच करतो, मागणी जुनी होती. तरी या माणसाच्या दृष्टीनं एक दार वाढलं एवढंच.

हा सांधा जपानमधल्या एका लहान गावानं कसा जोडला, ते सविस्तर सांगण्यासारखं आहे. हिरोशिमा प्रांतातलं मित्सुगी; आता ते ओनोमिची शहरात विलीन झालं आहे. नोबोरू यामागुची हे शल्यचिकित्सक १९६६ मध्ये तिथल्या सार्वजनिक रुग्णालयात आले. मेंदूच्या झटक्याचे रुग्ण ते शस्त्रक्रिया करून, चालते करून घरी पाठवत. वर्षा-दोन वर्षांनी त्यातलेच काही परत येत: अंथरुणाला खिळलेले, लंगोट बांधलेले, पाठीला जखमा झालेले. शस्त्रक्रिया फसलेली नव्हती. घरी व्यायाम करून घेणारं कोणी नव्हतं, कडेवर घ्यायला हात नव्हते, न्हाणीघर गैरसोयीचं होतं. यामागुचींनी निदान केलं की हे खिळलेपण रोगानं आलेलं नाही, ते तयार केलेलं आहे. १९७४ पासून त्यांनी डॉक्टर आणि नर्स घरोघर पाठवायला सुरुवात केली. खरी मजल पुढची. १९८४ मध्ये गावच्या कचेरीतले आरोग्य आणि समाजकल्याण हे दोन्ही विभाग उचलून रुग्णालयाच्या आवारात आणले. नर्सनं घरी जे पाहिलं ते कल्याण विभागाच्या कारकुनाला त्याच दिवशी कळू लागलं. पुढच्या वर्षांत खिळलेल्या वृद्धांचं प्रमाण उतरलं.

जपाननं हा धडा देशभर नेला, पण सावकाश. एप्रिल २००० मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेचा सक्तीचा विमा आला, चाळिशीपासून हप्ता. कोणाला किती मदत लागते हे सात पायऱ्यांत ठरतं आणि केअर मॅनेजर आराखडा बांधतो. साधारणपणे महिन्यातून एकदा तरी त्यानं घरी जायचं. २००६ पासून वस्तीवस्तीत केंद्रं उघडली, आज ती पाच हजारांहून जास्त आहेत. प्रत्येक केंद्रात तिघं ठरलेली: सार्वजनिक आरोग्याची नर्स, समाजसेवक आणि अनुभवी केअर मॅनेजर. चूक तिथेही राहिली. दिव्यांगांसाठीचा कायदा वेगळाच ठेवला. त्यामुळे वर्षानुवर्षं त्या सेवा घेणारा माणूस ६५चा झाला की त्याला शुश्रूषा विम्याकडे ढकललं जातं. ओळखीची मदतनीस बदलते आणि खर्चाचा वाटा वाढू शकतो. जपानी लोक याला ‘६५ची भिंत’ म्हणतात. २०१८ मध्ये एकाच संस्थेला दोन्ही प्रकारच्या सेवा देता येतील अशी वाट काढली, तरी भिंत पुरती पडली नाही. आपल्याकडे संजय गांधी आणि श्रावणबाळ यांच्यामधली रेघही बरोबर ६५वरच आहे.

जपानचा पैसा आपल्याकडे नाही, हा आक्षेप येणारच. म्हणून केरळ.

१९९३ मध्ये कोळिकोडच्या मेडिकल कॉलेजात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करुग्णांच्या वेदनेवर उपचार करणारं केंद्र सुरू केलं. मॉर्फिननं वेदना थांबत होती. पण घरात तांदूळ नाही, पोराची शाळा सुटली, बस भाड्याला पैसे नाहीत, यावर मॉर्फिन चालत नाही. तेव्हा २००१च्या सुमाराला मलप्पुरम आणि आसपासच्या जिल्ह्यांत शेजारपाजारच्या लोकांची जाळी विणली गेली. अट साधी: आठवड्याला किमान दोन तास द्यायचे आणि थोडं प्रशिक्षण घ्यायचं. शिक्षक, रिक्षावाले, दुकानदार, विद्यार्थी आले. लहान लहान वर्गण्यांवर खर्च भागू लागला. रुग्ण कोण, घरात कमी काय, कोणती पेन्शन अडली आहे, हे शेजाऱ्याला डॉक्टरपेक्षा आधी कळतं. कर्करोगापासून सुरू झालेलं काम अर्धांग, मणक्याची दुखापत, जर्जर वृद्धत्व इथवर पोचलं. २००८ मध्ये केरळ सरकारनं उपशामक सेवेचं धोरण जाहीर केलं. भारतातल्या राज्यांतलं ते पहिलं. त्यानंतर पंचायतींनी प्रशिक्षित नर्स नेमून घरभेटी सुरू केल्या. स्वयंसेवकांचा उत्साह ओसरला तरी पंचायतीची नर्स ठरल्या दिवशी दारात येते, हे मला त्या व्यवस्थेचं सगळ्यात मोठं बळ वाटतं. निव्वळ स्वयंसेवेवर मी तरी गावचे म्हातारे सोपवणार नाही.

महाराष्ट्रातली अर्धी तयारी झालेली आहे, आणि तीच सगळ्यात चीड आणणारी गोष्ट आहे. आशा ताई तीस वर्षांवरच्या लोकांचा एक तपासणी-तक्ता घरोघर भरतात. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांचा धोका ओळखण्यासाठी तो आहे. त्याच तक्त्यात साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत: उभं राहताना, चालताना तोल जातो का? हालचाल अडवणारं काही व्यंग आहे का? जेवायला, अंघोळीला, कपडे घालायला दुसऱ्याची मदत लागते का? घरच्यांची नावं, घरचा पत्ता विसरायला होतो का? गावात कोणाला काय लागतं याची याहून चांगली यादी कोणत्याही सर्वेक्षणानं मिळणार नाही. उत्तरं प्राथमिक आरोग्य केंद्रात जातात आणि आरोग्य खात्याच्या हद्दीत थांबतात. ‘मदत लागते’ या खुणेवरून सिव्हिलच्या बोर्डाची तारीख लागत नाही, तहसिलात अर्ज होत नाही, ग्रामपंचायतीच्या ५ टक्क्यांच्या यादीत नाव जात नाही.

तालुक्याला एक पगारी समन्वयक, तहसील, पंचायत समिती आणि ग्रामीण रुग्णालय या तिन्ही ठिकाणच्या कागदांना हात लावण्याचा अधिकार असलेला, आणि महिन्यातून ठरावीक घरी जाणं बंधनकारक असलेला: मागणी एवढीच हवी. हे काम आशा ताईंच्या डोक्यावर आणखी एक फुकट तक्ता म्हणून टाकू नये. त्यांना कामागणिक मिळणारा मोबदला आधीच तुटपुंजा आहे. नवं पोर्टलही नको. पोर्टल उघडण्यासाठी आपला माणूस पुन्हा सेतूवाल्याकडेच जाणार.

समन्वयक मिळेपर्यंत वाचकांना एक करता येईल. दिवाळीला गावी जाल तेव्हा ग्रामपंचायतीत चक्कर टाका आणि दिव्यांगांचा ५ टक्के निधी गेल्या वर्षी किती जमला, कोणावर खर्च झाला, त्यात साठीपुढचे किती, हे विचारा. तोंडी सांगायला टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज तिथेच लिहून द्या. शुल्क दहा रुपये आहे, आणि तीस दिवसांत उत्तर देणं कायद्यानं बंधनकारक आहे.