पायलट शिडी : लहान नौकेतून जहाजावर चढण्याचे साधन व त्याची सुरक्षितता

प्रस्तावना :

परदेशातून आलेले मालवाहू जहाज बंदरात शिरण्यापूर्वी त्यावर त्या बंदराचा पायलट चढतो. खाडीतील प्रवाह, भरती-ओहोटी, वाळूचे दांडे व खडक यांची त्याला असलेली माहिती जहाजाच्या कप्तानाला असणे शक्य नसते. भारतात १९०८ च्या बंदर कायद्याने ठरावीक बंदरांत २०० टनांवरील जहाजांना पायलट घेणे बंधनकारक केले होते. २०२५ च्या नव्या कायद्याने त्याची जागा घेतली आहे. पायलट लहान लाँचमधून समुद्रात जातो आणि चालत्या जहाजाच्या उभ्या भिंतीवर दोराच्या शिडीने चढतो. या चढाईत सहसा जहाज थांबत नाही. ते मंद वेगाने पुढे जात, वाऱ्याची आड मिळेल अशा बेताने वळून लाँचला एका बाजूस शांत पाणी करून देते. लक्षावधी रुपयांच्या मालाची ने-आण काही मिनिटे अशा रीतीने दोर आणि लाकडी फळ्यांवर अवलंबून राहते. प्रस्तुत लेखात या शिडीची रचना आणि तिच्यातील धोक्याचे मूळ यांचा विचार केला आहे.

शिडीची रचना :

पायलट शिडी दिसायला साधी असली तरी तिचा प्रत्येक भाग आंतरराष्ट्रीय नियमांनी बांधलेला आहे. समुद्रावरील जीवितरक्षणाचा 'सोलास' करार आणि आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा २०११ चा ठराव हे त्याचे मुख्य आधार होत. शिडीच्या प्रत्येक बाजूस किमान १८ मिलिमीटर जाडीचे दोन अखंड दोर असतात; सर्वांत वरच्या पायरीखाली त्यांना कोठेही जोड चालत नाही. दोन पायऱ्यांत ३१० ते ३५० मिलिमीटर अंतर असते. तळाच्या चार पायऱ्या रबराच्या असू शकतात, कारण लाँचचा धक्का त्यांनाच बसतो. खालून पाचवी पायरी मात्र किमान १.८ मीटर लांबीची असावी लागते. या लांब फळीस स्प्रेडर म्हणतात. जहाज डोलू लागले की अरुंद शिडी स्वतःभोवती पिळली जाऊन चढणाऱ्याची पाठ जहाजाच्या भिंतीस लागण्याचा संभव असतो. स्प्रेडर ते होऊ देत नाही.

एवढ्या यंत्रयुगातही ही जुनी पद्धत का टिकली, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. पायलटला वर उचलून घेणारी यांत्रिक साधने वापरात होती; परंतु 'सोलास'च्या सुधारित नियमाने १ जुलै २०१२ पासून त्यांचा वापर बंद झाला. ऑस्ट्रेलियातील पोर्ट हेडलँडसारख्या बंदरांत हेलिकॉप्टर वापरतात, पण तो खर्च प्रत्येक बंदरास झेपणारा नाही. शिडीत बिघडण्यासारखे यंत्र नसते हा तिचा मोठा गुण. लाँच लाटेच्या माथ्यावर आली की त्याच क्षणी शिडी धरून वर सरकायचे, हा निर्णय चढणारा स्वतः घेतो. क्षणभर उशीर झाला तर खाली गेलेली लाँच पुढच्या लाटेबरोबर वर येऊन पायांवर आदळू शकते. मुंबईच्या समुद्रात जून ते सप्टेंबर या काळात हा अंदाज बांधणे विशेष कठीण होते.

नऊ मीटरांची मर्यादा :

पाण्यापासून डेकपर्यंतची चढाई ९ मीटरांहून अधिक असल्यास केवळ शिडी पुरत नाही. अशा वेळी जहाजाच्या बाजूचा तिरपा जिना खाली सोडून त्याला पायलट शिडीची जोड द्यावी लागते. पायलट आधी शिडी चढतो व मग जिन्यावर येतो. रिकाम्या जहाजाची बाजू पाण्यावर फार उंच असल्याने ही व्यवस्था तेथे वारंवार लागते. काही जहाजांत जिन्याच्या खालच्या फलाटालाच झडप असून शिडीने त्या झडपेतून वर यावे लागते. नियमाप्रमाणे शिडी झडपेतून आरपार वर कठड्याच्या उंचीपर्यंत गेली पाहिजे. ती फलाटाखालीच टांगली, तर पायलटला हातांना आधार नसताना अंग मागे झुकवून झडपेत शिरावे लागते. ३० डिसेंबर २०१९ रोजी न्यूयॉर्क बंदराच्या एका अनुभवी पायलटचा झडपेच्या जिन्याच्या जहाजावर चढताना पडून मृत्यू झाला. पुढील ऑगस्टमध्ये तेथील आणखी एक पायलट चढताना पडून दगावला.

बांधणारा एक, चढणारा दुसरा :

धोक्याचे खरे मूळ मात्र शिडीच्या मालकीत आहे. शिडी जहाजाची असते. ती विकत घेणारे, साठवणारे आणि बांधणारे जहाजावरचेच लोक असतात. तिच्यावर चढतो तो बाहेरचा माणूस. शिडी पूर्ण उलगडलेली नसेल तेव्हा बांधणीचा कस लागतो. अशा वेळी बाजूच्या दोरांना विशिष्ट गाठ घालून ते डेकवरील मजबूत कड्यांस बांधणे योग्य ठरते. म्हणजे भार दोरांवर राहतो. प्रत्यक्षात वेळ वाचवण्यासाठी शिडी लोखंडी आकड्यात अडकवली जाते, किंवा पायऱ्यांच्या आधाराने पट्टीत अडवून ठेवली जाते. मग माणसाचा भार दोरांऐवजी फळी आणि तिला धरणाऱ्या बारीक बांधणीवर येतो. शिडी वर ओढण्याची दोरी खालच्या पायऱ्यांना बांधणे हीही नेहमीची चूक आहे. तिचा फास लाँचमध्ये अडकला तर पायलटसह शिडी खेचली जाते. ही कामे जबाबदार अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली व्हावीत, तो ब्रिजच्या संपर्कात असावा, दिवा असलेला जीवरक्षक कडा हाताशी असावा, असे नियम स्पष्ट सांगतात. तरीही आंतरराष्ट्रीय पायलट संघटनेच्या वार्षिक पाहणीत सदोष व्यवस्थेची नोंद होतच राहते. जून २०२५ मध्ये सागरी संघटनेने या साधनांचे निकष बंधनकारक करणारी सुधारणा स्वीकारली असून ती १ जानेवारी २०२८ पासून लागू होईल.

सदोष शिडी नाकारण्यास पायलट मोकळा असतो. पण भरतीची वेळ निघून चाललेली असते, धक्क्यावर क्रेन थांबलेल्या असतात आणि नकार दिल्यास उशिराचा जाब त्यालाच द्यावा लागतो. शिवाय लाँचमधून त्याला शिडीचा खालचा भागच तपासता येतो. वरची गाठ कठड्याआड असते व तिच्यावर त्याचा भार पहिली पायरी चढताच येतो.