लैंगिक अल्पसंख्याकांचा कायदेशीर व सामाजिक दर्जा : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
भारतीय राज्यघटनेने समता, भेदभावास मनाई आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांची हमी दिली असली, तरी समलिंगी, उभयलिंगी व तृतीयपंथी व्यक्तींच्या वाट्याला ती फार उशिरा आली. या प्रश्नाची चर्चा बहुधा मुंबई-पुण्यासारखी महानगरे डोळ्यांसमोर ठेवून होते. चंद्रपूर आणि त्यातून 26 ऑगस्ट 1982 रोजी वेगळा झालेला गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत मात्र जमीन, जंगल व ग्रामसभा हे जगण्याचे आधार आहेत. न्यायालयांनी मान्य केलेले हक्क या आधारांपर्यंत कितपत पोहोचतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कायदेशीर वाटचाल :
1860 च्या भारतीय दंड संहितेतील कलम 377 ने ‘अनैसर्गिक’ संभोग गुन्हा ठरवून जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेची तरतूद केली. याच धर्तीची कलमे ब्रिटिशांनी आफ्रिकेतील अनेक वसाहतींतही लागू केली. पुढे बोत्स्वानाच्या उच्च न्यायालयाने 2019 मध्ये ती रद्द ठरविली, तर युगांडाने 2023 मध्ये अधिकच कठोर कायदा केला. भारतात दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी नवतेजसिंग जोहर खटल्यात पुन्हा मुक्तता दिली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 377 ला स्थान नाही.

तृतीयपंथीयांच्या बाबतीत 15 एप्रिल 2014 च्या नालसा निकालाने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला. 2019 च्या कायद्याने ओळखप्रमाणपत्राचे काम जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे सोपविले. 17 ऑक्टोबर 2023 रोजी मात्र सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता देण्याचे नाकारले. थोडक्यात, गुन्हेगारीचा शिक्का पुसला गेला. कुटुंब म्हणून दर्जा मिळाला नाही.

वनहक्क आणि वारसा :
या अपुरेपणाचा अर्थ वनप्रदेशात विशेष स्पष्ट होतो. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावास 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, हे सर्वज्ञात आहे. वैयक्तिक वनहक्काबाबत मात्र 2006 च्या वनहक्क कायद्याचे कलम 4(4) असे सांगते की, विवाहितांच्या बाबतीत हक्काची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे आणि एकल कुटुंबप्रमुखाच्या बाबतीत त्या एकाच्याच नावे व्हावी. थेट वारस नसल्यास हक्क जवळच्या नातेवाईकाकडे जावा. हा हक्क हस्तांतरणीय नाही. परिणामी, दोन स्त्रियांनी किंवा दोन पुरुषांनी वर्षानुवर्षे एकत्र कसलेली वनजमीन एकाच्याच नावे राहते व त्याच्या मृत्यूनंतर सोबत्याचा त्यावर दावा उरत नाही. अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा सर्वसाधारणपणे लागू नसल्याने तेथे रूढीचाच आधार घ्यावा लागतो आणि रूढीचा अर्थ लावणारे आप्तस्वकीयच असतात.

सामाजिक स्थिती :
2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 40,891 व्यक्तींची नोंद ‘इतर’ या लिंगवर्गात झाली. कुटुंबप्रमुखाने सांगितलेलीच माहिती नोंदविली जात असल्याने हा आकडा वास्तवापेक्षा कमी असणे संभवनीय आहे. समलिंगी व्यक्तींची तर गणनाच होत नाही. लहान गावात सर्वच परस्परांना ओळखतात. त्यामुळे प्रमाणपत्राचा अर्ज ऑनलाइन असला, तरी तो भरून देणारा केंद्रचालक ओळखीचा निघाल्यास गोपनीयता उरत नाही. मुंबईतील हमसफर ट्रस्ट किंवा नागपूरची सारथी ट्रस्ट यांसारख्या संस्थांचा आधार भामरागड वा सिरोंचा येथील तरुणास दूरचाच वाटणार.

तथापि ग्रामीण समाज परिवर्तनविन्मुख आहे, असे म्हणता येणार नाही. सोलापूर जिल्ह्यातील तरंगफळ गावाने 2017 मध्ये तृतीयपंथी व्यक्तीस थेट सरपंचपदी निवडून दिले. जानेवारी 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जळगाव जिल्ह्यातील एका तृतीयपंथी उमेदवारास महिलांसाठी राखीव जागेवरून ग्रामपंचायत निवडणूक लढविण्याची मुभा दिली.

निष्कर्ष :
फौजदारी कायद्यातील सुटका ही पहिली पायरी होय. जमीन, वारसा व निवास यांबाबत सोबत्यास हक्क मिळाल्याविना वनप्रदेशात समता अपुरीच राहील. ग्रामसभा व वनहक्क समित्यांच्या प्रशिक्षणात या विषयाचा समावेश व्हावा. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2016 मध्ये रॅगिंगविरोधी नियमांत लिंगओळख व लैंगिक कल यांवरून होणाऱ्या छळाचा स्पष्ट उल्लेख केला. गोंडवाना विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील महाविद्यालयांनी हा नियम फलकापुरता न ठेवता विद्यार्थ्यास निर्भयपणे बोलता येईल अशी व्यवस्था उभारणे अगत्याचे आहे. कारण गाव सोडून आलेल्या अशा विद्यार्थ्यास महाविद्यालयाखेरीज दुसरा आसरा असेलच असे नाही.