घशाचे दुखणे आणि हृदयाची झडप

घसा दुखणे ही बालवयातील नित्याची तक्रार होय. बहुतेक वेळा ती विषाणूंमुळे उद्भवते आणि विश्रांती व गुळण्यांनी बरी होते. काही मुलांच्या घशात मात्र स्ट्रेप्टोकॉकस हे जीवाणू शिरकाव करतात. एकाएकी येणारा ताप, गिळताना तीव्र वेदना, सुजलेल्या टॉन्सिल्सवर पांढरट ठिपके, मानेत दुखऱ्या गाठी आणि सर्दी-खोकल्याचा अभाव ही त्याची प्रमुख लक्षणे आहेत.

या संसर्गाचे गंभीर परिणाम विरळा असतात. कधी टॉन्सिलशेजारी गळू होऊन तोंड उघडणेही कठीण होते. कधी एक-दोन आठवड्यांनी मूत्रपिंडांना सूज येऊन चेहरा सुजतो व लघवी तपकिरी होते. सर्वांत दूरगामी परिणाम म्हणजे संधिवाताचा ज्वर, अर्थात रुमॅटिक फीवर.

हा ज्वर प्रामुख्याने ५ ते १५ वर्षे वयात आढळतो. घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी गुडघे, घोटे, मनगटे आळीपाळीने सुजतात. जीवाणूंविरुद्ध सज्ज झालेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. सांधे पूर्ववत होतात. हृदयाची झडप मात्र कायमची अधू होऊ शकते. मुलींच्या बाबतीत हा दोष पुष्कळदा पुढे गर्भारपणातच प्रथम उघडकीस येतो.

वेळीच पेनिसिलिन दिल्यास हा ज्वर टळतो, हे अमेरिकेतील सैनिकांवर झालेल्या व १९५० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत उपचार सुरू झाले तरी ते उपयुक्त ठरतात. तोंडावाटे घ्यावयाचे औषध ताप उतरला तरी पूर्ण दहा दिवस द्यावे.

ज्या मुलास हा ज्वर एकदा येऊन गेला, त्यास दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथीन पेनिसिलिनचे इंजेक्शन किमान पाच वर्षे, व झडप बिघडली असल्यास त्याहून दीर्घकाळ घ्यावे लागते. मूल हसत-खेळत असताना ही सुई टाळण्याचा मोह पालकांना होतो. परंतु प्रत्येक नवा झटका झडपेची हानी वाढवितो. झडपेच्या शस्त्रक्रियेच्या तुलनेत या इंजेक्शनचा खर्च नगण्य आहे. दात्यांचे साहाय्य आणि पालकांची नियमितता यांची सांगड पडली, तर अनेक बालकांची हृदये शस्त्रक्रियेवाचून सुरक्षित राहतील, असा आम्हांस विश्वास वाटतो.